एका घाटाने वर, दुसऱ्याने खाली

पनवेलला येणारा माणूस बहुधा पनवेलसाठी येत नाही. त्याला पुण्याला जायचं असतं, गोव्याला जायचं असतं, अलिबागला किंवा महाडला जायचं असतं. ही रीत जुनीच आहे. बोरघाटातून आगगाडी सुरू झाली ती १८६३ साली. त्याआधी मुंबईचा प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात उतरे आणि इथून पालखीत, घोड्यावर किंवा टपालाच्या गाडीतून खोपोलीमार्गे घाट चढून पुण्याला जाई. इथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे घाटातल्या आगगाडीपेक्षाही वयाने मोठी. बंदर मागे पडलं आणि त्याची जागा नाक्यांनी घेतली. आता कळंबोलीला पुण्याचा द्रुतगती महामार्ग सुरू होतो. पळस्पे फाट्यावर जुना पुणे रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांचा निरोप घेतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला आणि मुंबईच्या गाड्या समुद्रावरून थेट या बाजूला उतरू लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालुक्यातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

थोडक्यात, सह्याद्रीकडे निघालेल्या अर्ध्या मुंबईला पनवेलवरूनच जावं लागतं. पनवेलकर मात्र स्वतः निघाला की "चला, लोणावळ्याला जाऊन येऊ" यापलीकडे त्याचा बेत सहसा जात नाही. शनिवारी सकाळी द्रुतगती महामार्गाने वर, चिक्कीची पाकिटं, एखादा पॉइंट, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने, त्याच कोंडीतून खाली. ज्याच्या गच्चीवरून प्रबळगड, माथेरानचं पठार आणि कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका एकाच नजरेत दिसतात, त्याने डोंगरवाटेचा बेत इतक्या कंजूषपणे आखावा, हे काही बरं नाही.

आम्ही गेली काही वर्षं वेगळा हिशोब धरतो. कुठे जायचं हे आधी ठरवायचंच नाही. कोणत्या घाटाने चढायचं आणि कोणत्या घाटाने उतरायचं, एवढं ठरवायचं. मुक्काम, जेवण, थांबे सगळं त्यातून आपोआप निघतं.

या हिशोबाला भूगोलाचा भक्कम आधार आहे. सह्याद्री कोकणातून पाहिला तर ती एक भिंत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर बसून झालेली ही काळ्या बसाल्टची भिंत. तिच्या पायथ्याचं खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठेक मीटर उंच आहे आणि माथ्यावरचं लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. नकाशावर ही दोन गावं एकमेकांना खेटून आहेत. या भिंतीत पायवाटा शेकड्यांनी असतील, पण मोटार चढेल असे मोठे घाट मोजकेच. उत्तरेकडून धरलं तर कसारा, माळशेज, बोर, ताम्हिणी, वरंध आणि आंबेनळी. यातले कुठलेही दोन घ्या. एकाने चढा, वरच्या पठारावर दक्षिणेला किंवा उत्तरेला सरका आणि दुसऱ्याने उतरा. गाडीचं तोंड पुन्हा पनवेलकडे होतं आणि एकही वळण दोनदा घ्यावं लागत नाही.

माळशेज आणि बोर ही एक जोडी. पनवेलहून चौक, कर्जत, मुरबाड करत माळशेज चढायचा, ओतूर-जुन्नर-नारायणगाव पाहून चाकण-तळेगावमार्गे लोणावळ्याला यायचं आणि बोरघाटाने उतरायचं. जुन्नरला मुक्काम केला तर शिवनेरी होते. नाणेघाटाची वाट वाकडी करायची तयारी असेल तर सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेखही पाहून होतो. वरंध आणि आंबेनळी ही दुसरी जोडी, दोन दिवसांची. महाडजवळच्या बिरवाडीवरून वरंध चढून भोर, तिथून मांढरदेवीच्या रस्त्याने वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, आणि परतताना प्रतापगडाला वळसा घालत आंबेनळीने पोलादपूर. वरंधच्या पायथ्याजवळ शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला असं मानलं जातं. ऐन पावसात घळीसमोरचा धबधबा इतका गरजतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

पण पनवेलकराने पहिली जोडी निवडायची तर ती बोर आणि ताम्हिणीची. पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी, असा सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरचा हा गोल आहे. तो आखताना पहिला नियम असा की वर जाताना द्रुतगती महामार्ग घ्यायचा नाही. हा महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट पटकन संपावा हेच त्याच्या बांधणीमागचं उद्दिष्ट होतं. खोपोली-कुसगाव दरम्यानची "मिसिंग लिंक" तर घाटाला बगल देण्यासाठीच आखलेली, लांबलचक बोगद्यांची. पुण्यात कामावर पोहोचायचं असेल तर हे सगळं उत्तमच. डोंगर पाहायला निघालेल्या माणसाने बोगद्यातून कशाला जायचं? दुचाकीवाल्यांना तर हा प्रश्नच पडत नाही, कारण द्रुतगती महामार्गावर त्यांना मनाईच आहे.

म्हणून पळस्प्याहून जुना रस्ता. दिवस उजाडायच्या आत निघालं की चौकपर्यंत रस्ता मोकळा मिळतो आणि डाव्या हाताला इर्शाळगडाची काळी आकृती दिसू लागते. या गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. आमच्या भागात डोंगराबद्दल बोलताना ती रात्र वगळून कुणी बोलत नाही. पावसाळी सहलीचा उत्साह कितीही असो, ही माती आणि हा उतार काय करू शकतो याची खूण चौकच्या रस्त्यावरूनच दिसते.

खोपोलीत दोन गोष्टींसाठी थांबावं. एक म्हणजे वडापाव. इथल्या वडापावाची ख्याती जुन्या रस्त्याने पुण्याला जाणाऱ्यांनीच पसरवली, आणि द्रुतगती महामार्ग झाला तरी ती टिकून आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नाना फडणवीसांनी बांधलेलं महादेवाचं देऊळ आणि तळं. घाट चढण्याआधी माणसांनी आणि जनावरांनी विसावा घ्यायची ही जागा होती. पुण्याचा कारभारी खोपोलीत तळं का बांधतो, याचं उत्तर समोरचा चढ पाहिला की मिळतं.

त्या चढाचा रस्ता एकदम झाला नाही. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूत नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनने, तोफा ओढता येतील इतपत ही वाट सुधारून घेतली. चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉन माल्कमने खुला केला. त्याच सुमारास, १८२० ते १८२५ या काळात, आल्प्समध्ये कार्लो दोनेगानी या अभियंत्याने स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता बांधला. जगभरचे मोटारवाले आज तिथली वळणं मोजायला जातात. आपल्या घाटाला तशी प्रसिद्धी मिळाली नाही, पण जन्म एकाच पिढीतला.

आगगाडीची कथा याहून थोर. १८५६ मध्ये काम सुरू झालं. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून अधिक मजूर या कड्यांवर राबत होते. पंचवीस बोगदे खणले गेले. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि आल्यावर काही आठवड्यांतच आजारपणाने गेला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि जाणकार अभियंते नेमून काम तडीस नेलं. स्थानिक माणूस मात्र श्रेय देतो ते शिंग्रोबा धनगराला. साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती गुरांच्या मागून फिरणाऱ्या या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली, अशी ही दंतकथा. कागदोपत्री पुरावा असो वा नसो, जुन्या रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळाशी ट्रकवाले आजही वेग कमी करतात आणि खिडकीतून नाणं टाकतात. बोरघाटात काही बांधलं की काही पडतंही. वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा अमृतांजन पूल वाहतुकीला अडथळा ठरत होता. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ते ओस पडलेले असताना, तो सुरुंग लावून पाडला.

वर पोहोचल्यावर लोणावळ्याच्या बाजारात अडकायचं नाही. टाकी भरायची, हवा तपासायची आणि आयएनएस शिवाजीच्या अंगाने आंबी व्हॅलीचा रस्ता धरायचा. पुढच्या टप्प्यावर मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा. वाटेवरचं भुशी धरण गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. सह्याद्रीतला ओढा वरच्या डोंगरात पडलेला पाऊस घेऊन येतो, आपल्या डोक्यावरचा नव्हे. इथे ऊन असताना पाणी चढू शकतं. पोहता येणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवायला हवं.

टायगर पॉइंटवर चहा आणि कांदाभजी घेऊन बहुतेक गाड्या मागे वळतात. खरी सहल तिथून पुढे सुरू होते. पेठ शहापूरच्या वर कोरीगडाची अखंड तटबंदी दिसते. १८१८ साली इंग्रजांनी हा गड घेतला. पायथ्यापासून पायऱ्यांनी तासाभरात वर जाता येतं, आणि घरातली साठी ओलांडलेली मंडळीही दमाने चढू शकतील इतकी ही चढण सोपी आहे. आंबवणे मागे पडलं की वस्ती विरळ होते. मग तैलबैला समोर येतो. पठारावर एकाएकी उभ्या ठाकलेल्या दोन प्रचंड कातळभिंती, मधे खाच. बाजूला एकोल्याचा घनगड. इथून कोकणाकडे वाघजाई आणि सवाष्णीचे घाट उतरतात. दोन्ही पायवाटा, मोटारीच्या कामाच्या नाहीत. पण त्यांच्या तळाशी ठाणाळ्याची बौद्ध लेणी आणि सुधागड आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या वाटांवर व्यापारी नसते, तर त्या रानात लेणी खोदायला पैसे कुणी दिले असते?

भांबर्डे, पिंपरी या गावांवरून रस्ता भिंतीच्या अगदी कडेने जातो. पिंपरीजवळून कुंडलिकेचं खोरं दिसतं तिथे गाडी नीट बाजूला लावावी आणि निवांत बसावं. समोर जमीन सरळ तुटते. खाली दाट झाडीची घळ आणि तिच्या टोकाशी भिऱ्याचा जलाशय. अंधारबनची पायवाट याच पिंपरीहून निघते आणि दिवसभर उतरून भिऱ्याला पोहोचते. उन्हाळ्यातही तिथल्या रानात ऊन जमिनीपर्यंत क्वचितच येतं.

हे सगळं पाहताना एक गोष्ट माहीत असावी, म्हणजे दृश्याला अर्थ येतो. घाटमाथ्यावर पडणारं बरंचसं पाणी स्वभावाने पूर्वेला, इंद्रायणी-मुळा-भीमेतून बंगालच्या उपसागराकडे जाणारं आहे. टाटांनी वर धरणं बांधून ते अडवलं आणि कड्यावरून पश्चिमेला खाली सोडून त्यावर वीज केली. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं आणि भिऱ्याचं १९२७ चं. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल या पाण्यावर चालल्या. बोरघाटातून दिसणारे मोठे नळ आणि भिऱ्याचं तळं ही एकाच योजनेची दोन टोकं. त्या वीजघरांतून निघणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा आणि कुंडलिका या नद्या भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात, आणि रसायनी-रोह्याचे कारखाने त्यांच्या काठी आले तेही त्यामुळेच.

या विजेची किंमत मावळातल्या शेतकऱ्याने दिली. निवे गावाशी आपण पुणे-ताम्हिणी रस्त्याला लागतो. तिथून पुण्याच्या बाजूला थोडं गेलं की मुळशीचं पाणी पसरलेलं दिसतं. त्याखाली भातखाचरं आणि गावं आहेत. १९२१ मध्ये त्या जमिनींसाठी मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट "सेनापती" झाले ते याच लढ्यात. धरणग्रस्तांचा प्रश्न म्हणून आज जे काही आपण ओळखतो, त्याची देशातली ही अगदी सुरुवातीची लढाई. ती हरली. तलाव सुंदर आहे, पण तिथे फोटो काढणाऱ्याला एवढं ठाऊक असायला हरकत नाही.

मग ताम्हिणी. बोरघाट इतिहासाने भरलेला, तर ताम्हिणी पाण्याने. २५ जुलै २०२४ रोजी इथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. देशातल्या कित्येक जिल्ह्यांना एवढा पाऊस अख्ख्या वर्षात मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दर वळणावर धबधबा असतो, आणि दर धबधब्याखाली रस्त्यात मधोमध लावलेली एखादी गाडीही असते. घाटाचं खरं देखणेपण सप्टेंबरच्या उत्तरार्धात. पाऊस उघडीप देतो, सोनकी आणि तेरडा कडेकपारी रंगवतात, धबधबे अजून आटलेले नसतात आणि दूरवरचे डोंगर धुक्यातून बाहेर येतात. दुपारी उशिरा उतरायला लागलं की पश्चिमेचं ऊन समोरच्या दरीत तिरपं पडतं. म्हणून चढायला बोर आणि उतरायला ताम्हिणी, उलट नाही. सकाळी बोरघाट रिकामा मिळतो, दुपारी ताम्हिणीला उजेड चांगला मिळतो. घाटातल्या एखाद्या झोपडीवजा हॉटेलात पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा आणि वर ताक एवढं सांगितलं की मेनूकार्डाची गरज पडत नाही. भाकरी सांगितल्यावर थापायला घेतात, तेव्हा अर्धा तास हिशोबात धरावा.

विळ्याला उतरलं की दोन वाटा. सरळ निजामपूर-माणगाव, आणि उजवीकडे सुतारवाडीवरून कोलाड. आपण कोलाडची घ्यायची. कुंडलिकेतलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. त्यामुळे दुपारी पोहोचणाऱ्याने त्याची आशा धरू नये. ज्याला नावेत बसायचंच आहे त्याने आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करून गोल उलटा फिरवावा.

कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याच्या रुंदीकरणाबद्दल कोकणी माणसाला काही सांगायची गरज नाही. पनवेल-इंदापूर हा टप्पा ८४ किलोमीटरचा, काम २०११ मध्ये सुरू झालं, आणि मधल्या काळात एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. रविवारी संध्याकाळी वडखळला अलिबागची परतणारी गर्दी मिळते. तेव्हा वाकण फाट्यावरून पाली-खोपोलीचा रस्ता धरावा. थोडा वळसा पडतो, पण पालीचा बल्लाळेश्वर होतो, सरसगडाची भिंत दिसते आणि चावणीजवळ उंबरखिंड लागते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेला इथे गाठलं. खान लोणावळ्याच्या बाजूच्या कुरवंड्याच्या घाटाने उतरला होता. खिंडीत पुढची आणि मागची वाट बंद झाल्यावर फौजेतल्याच रायबागनच्या सल्ल्याने त्याने शरणागती पत्करली. उतरणीचा घाट न पाहता निवडला तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण इतिहासात शोधावं लागणार नाही.

आडवार असेल तर मात्र महामार्गानेच यावं, कारण तोही रिकाम्या हाती पाठवत नाही. नागोठण्याचा दगडी पूल सोळाव्या शतकातला, निजामशाहीच्या काळात बांधलेला. पेणमध्ये वर्षभर गणपती घडत असतात. गणेशोत्सवाला अजून सहा महिने असले तरी शाडूच्या मूर्तींच्या रांगा वाळताना दिसतात. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यायची ती इथेच. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा जन्मले, ज्यांनी पुढे पायी देश पालथा घातला. याच तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांनी लिहून ठेवलेला "माझा प्रवास" १९०७ मध्ये छापून आला. मराठी प्रवासवर्णनाचा धागा असा आपल्या परतीच्या रस्त्यालगतच्या एका गावातून निघालेला आहे.

खारपाड्याच्या पुलाखाली पाताळगंगा पुन्हा भेटते. सकाळी खोपोलीत डोंगरावरच्या नळांतून उतरलेलं हेच ते पाणी. पुढे कर्नाळ्याच्या अभयारण्यातून रस्ता जातो तिथे हॉर्न आणि प्रखर दिवे आवरावेत. १९६८ मध्ये जाहीर झालेलं हे छोटंसं अभयारण्य पक्ष्यांसाठी आहे आणि संध्याकाळ ही त्यांची परतायची वेळ. मग वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण, आणि पळस्पे फाट्यावर गोल पूर्ण होतो. तिथे मिसळ आणि कोथिंबीर वडीचा शेवटचा थांबा घ्यायचा की सरळ घर गाठायचं, हे गाडीतल्या मंडळींच्या पोटावर सोपवावं.

बेत कधी आखायचा हाही प्रश्न आहेच. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आसपास, राजमाचीच्या रानात काजवे चमकतात. जुलै-ऑगस्ट हे पावसाचे, आणि म्हणून धोक्याचे. सप्टेंबर-ऑक्टोबर फुलांचे. डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी स्वच्छ असते की माथ्यावरून अख्खं कोकण मोजून घ्यावं. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यात पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी भरून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. परतीच्या वाटेवर कुणी ओळखीचा शेतकरी पोपटीला बोलावत असेल तर बाकीचे थांबे खुशाल रद्द करावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. एप्रिल-मे मात्र घरी काढावा किंवा पहाटेपुरतं बाहेर पडावं.

पावसाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी दोन बातम्या बघाव्यात: हवामान खात्याचा इशारा आणि जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश. वरंधसारखे घाट पावसात जड वाहनांना, आणि इशारा मोठा असेल तर सगळ्यांनाच, बंद करतात. ताम्हिणी, लोणावळ्याच्या धबधब्यांवरही मनाईचे आदेश निघतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहनं नदीत गेली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण गेले. ऐन पावसातला घाट ही पट्टीच्या चालकांचीही परीक्षा असते. आदेश असेल तर बेत पुढे ढकलावा, त्यात कमीपणा नाही.

गाडीबद्दल थोडंच. ब्रेक, वायपर आणि स्टेपनी तपासून घ्यावी. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. न्यूट्रलवर गाडी सोडून इंधन वाचत नाही, ब्रेक मात्र तापून निकामी होतात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमातच तसं आहे. धुक्यात दिवे मंद ठेवावेत, प्रखर दिव्याने समोर पांढरी भिंत उभी राहते. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर नाही. आपण त्या रस्त्याने जाणारच नाही, तेव्हा ती चिंता सोडून द्यावी. आणि प्लॅस्टिकची पिशवी जशी भरून नेली तशीच परत आणावी.

पनवेलहून पहिलाच गोल करणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार धरा, एक दिवसाची रजा टाका आणि साडेपाचला पळस्पे फाटा सोडा. बोरघाटाने वर, ताम्हिणीने खाली. तो जमला की वरंध-आंबेनळीसाठी दोन दिवस काढा.